एकाच पानाचे दोन वास

पहिला दिवस

बसमधून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न आला, "बाई, इथे साप आहेत का?" असतील, म्हटलं. निम्मे चेहरे पडले, निम्मे उजळले. तिसरी-चौथीची २४ मुलं, आम्ही चार मोठी माणसं, एक ओढा, त्याच्या दोन्ही काठांना झाडी आणि हातात चार दिवस. माझ्या पिशवीत कृतिपत्रिकांचा गठ्ठा होता. पानोपानी चौकटी, आणि कुठल्या चौकटीत काय यायला हवं ते मला आधीच ठाऊक. या गठ्ठ्यापायी मी दोन रविवार घालवले होते. त्यामुळे त्याच्यावर माझा जरा जास्तच जीव होता, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकते.

बाकी सामान साधं होतं. भिंगं, पांढरे ट्रे, गाळण्या, दोऱ्या, मोजपट्टी, थर्मामीटर, पाणी किती आम्लधर्मी आहे ते दाखवणाऱ्या पीएचच्या पट्ट्या, पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा एक छोटा संच आणि डझनभर रंगाचे ब्रश. ब्रश पाहून दोघी-तिघी चित्रकलेच्या आशेने पुढे आल्या. पण ते किडे उचलायला होते. पाण्यातला किडा चिमट्याने धरला की चिरडतो, ओल्या ब्रशच्या टोकावर मात्र अलगद येतो.

दुपारी झाडीत गेलो. चौघाचौघांचा गट, प्रत्येक गटाला एक मीटर लांबी-रुंदीचा दोरीचा चौकोन. आत काय काय आहे ते लिहायचं, एवढंच काम. दोन मिनिटांत सगळीकडून एकच तक्रार, "बाई, आमच्या चौकोनात काहीच नाही." मी म्हटलं, मग 'काहीच नाही' असं लिहा, पण अजून दहा मिनिटं बसून लिहा. हा माझा जुना डाव आहे. मूल उभं असतं तोवर त्याला जमीन दिसते. बसलं की मुंगी दिसते. पोटावर पडलं की मुंगीच्या तोंडात काय आहे तेही दिसायला लागतं. पाऊण तासाने मला त्यांना ओढून उठवावं लागलं.

मग प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात वीतभर खड्डा. वर अख्खी कोरडी पानं, त्याखाली ओली, काळपट, भोकं पडलेली पानं, त्याखाली नुसत्या शिरांची जाळी उरलेली, मग काळा भुगा आणि तळाशी तपकिरी माती. एका मुलीने न सांगताच पांढऱ्या कागदावर पानं ओळीने मांडली : डावीकडे अख्खं पान, उजवीकडे चिमूटभर काळी माती आणि मधे अकरा पायऱ्या. कृतिपत्रिकेत याला चौकटच नव्हती. मी ती पानामागच्या कोऱ्या बाजूला काढायला सांगितली.

"हिला पावसाचा वास येतोय," एकजण मूठभर भुगा नाकाशी धरून म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मातीतले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात. पहिल्या पावसात जो मातीचा वास येतो त्यात त्याचाच मोठा वाटा असतो. सगळ्यांनी वास घेतला. पुढच्या गोष्टीसाठी हा वास लक्षात ठेवावा लागेल. मला तेव्हा त्याची कल्पना नव्हती.

एका खड्ड्यात गांडूळ निघालं. त्याला ऐकू येतं का, यावर लगेच दोन पक्ष पडले आणि एका पक्षाने ओरडून बघितलं. गांडूळ ढिम्म. तेव्हा मी त्यांना डार्विनची गोष्ट सांगितली. उत्क्रांतीमुळे जगभर नाव झालेला हा माणूस म्हातारपणी घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळून बसला होता. त्याने त्यांना बॅसून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य ऐकवलं, पियानो ऐकवला. गांडुळांनी दाद दिली नाही. पण कुंडी थेट पियानोवर ठेवून सूर वाजवल्याबरोबर ती सर्रकन बिळात गेली. त्यांना आवाज ऐकू येत नाही, थरथर मात्र कळते. हे त्याने १८८१ साली छापलं आणि पुढच्याच वर्षी तो वारला. गोष्ट संपायच्या आत सहा जण जमिनीवर पाय आपटत होते. गांडूळ खरंच आत सरकलं. अर्थात ते उजेडाला कंटाळूनही गेलं असेल, हे मी बोलले नाही. पण चष्मा लावणारी एक मुलगी म्हणाली, "सावली करून परत बघायला पाहिजे." तिच्याकडे मी तेव्हापासून लक्ष ठेवून राहिले.

संध्याकाळी दोन गोष्टी लावून ठेवल्या. एक म्हणजे मातीची बरणी. उंच काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा खड्ड्यातली माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायची आणि खिडकीत ठेवायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळाला दोन-एक तास लागतात. चिकणमातीचा कण मात्र ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक, तो दोन-दोन दिवस पाण्यात तरंगत राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे नरसाळं. बाटलीचा वरचा भाग कापून उलटा ठेवायचा, त्यात जाळी, जाळीवर पालापाचोळा, खाली ओला कागद घातलेला पेला आणि वरून दिवा. वरून पाला तापत, सुकत जातो, आणि त्यातले जीव खाली ओलाव्याकडे सरकत सरकत पेल्यात पडतात. ही युक्ती मुळात इटलीतल्या अंतोनियो बर्लेझे या कीटकतज्ज्ञाची, १९०५ सालची. दिवा लावून मुलं झोपायला गेली. निदान मला तरी तसं वाटलं.

दुसरा दिवस

पेला रिकामा. एक मुंगी होती, पण तीही बहुधा वाट चुकून आलेली. मुलांचे चेहरे माझ्याकडे. मी दिव्याला हात लावला आणि कळलं : एलईडी! उजेड भरपूर, ऊब जवळजवळ नाही. ही कृती मी गेली कित्येक वर्षं करते, पण पिवळ्या बल्बवर. बल्ब बदलले आणि माझी कृती जागच्या जागी राहिली. आमच्याबरोबरच्या सरांनी नरसाळं उचलून उन्हात नेऊन ठेवलं आणि आम्ही ओढ्याकडे निघालो.

ओढ्यावरचे नियम मुलांना तोंडपाठ करून घेतले होते. पाणी गुडघ्याच्या वर असेल तिथे पाय घालायचा नाही, एकट्याने जायचं नाही, उचललेला दगड त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवायचा. तिसरा नियम मुलांना सगळ्यात आवडतो. दगडाच्या पोटाला कुणाचं तरी घर असतं. तो उलटा ठेवणं म्हणजे कुणाचं घर छपरावर उभं करणं.

आधी खळाळ. पाणी दगडांवरून फुटत, फेसाळत उतरत होतं. चेंडू सोडून १० मीटरला किती वेळ लागतो ते तीनदा मोजलं. मग एकाने प्रवाहाच्या खालच्या अंगाला गाळणी धरायची आणि दुसऱ्याने तिच्यापुढचा दगड हलवायचा. पहिल्याच गाळणीत, ट्रेमध्ये ओतल्याबरोबर, वाळूचा कण वाटावा असा ठिपका चालायला लागला. शेपटाला तीन धागे, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले. मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याचं पाण्यात वाढणारं पिल्लू. त्यानंतर दोन शेपट्यांचं स्टोनफ्लायचं. मग एक जण ओरडला, "बाई, काडी पळतेय!" ती काडी म्हणजे कॅडिसफ्लायच्या अळीचं घर. तोंडातून रेशीम काढून ही अळी वाळूचे कण आणि काड्या चिकटवून स्वतःभोवती नळी बांधते. एका घरात एक चमकदार कण होता. तो तिने मुद्दाम निवडला का, यावर बराच वाद झाला. मी पडले नाही त्यात.

या तिघांना पाण्यात ऑक्सिजन भरपूर लागतो, म्हणून ते सापडले की पाणी चांगलं, हे माझ्या कृतिपत्रिकेच्या सातव्या पानावरच्या तक्त्यात होतं. मुलांनी खुशीत खुणा केल्या. संचातल्या बाटलीत थेंब थेंब द्रावण टाकून रंग उडेपर्यंत मोजलं. लिटरला ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन. पाणी २१ अंश सेल्सिअस. तक्ता आणि बाटली एकच बोलत होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तिथून खाली शंभरेक पावलांवर डोह. झाडांनी पुरता झाकलेला, पाणी जवळजवळ थांबलेलं. आम्ही सेकी तबकडी करून नेली होती. दोरीला बांधलेली २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते मोजायचं. आंजेलो सेकी हा खरं तर खगोलशास्त्रज्ञ. १८६५ साली पोपच्या जहाजावरून त्याने भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून पाण्याचा निवळपणा मोजला. आमची तबकडी काठावरून लांब काठीने सोडली, ती ७० सेंटिमीटरवर तळाला टेकली आणि तिथेही स्वच्छ दिसत होती. "म्हणजे हे पाणी वरच्यापेक्षा भारी," मुलांनी निकाल देऊन टाकला.

मग सरांनी लांब दांड्याच्या गाळणीने तळातला चिखल काढून ट्रेमध्ये ओतला. मेफ्लाय एकही नाही. स्टोनफ्लाय नाही. वळवळत होत्या त्या लालभडक, केसाएवढ्या अळ्या. आणि वास! सडक्या अंड्यांचा. अर्धा वर्ग नाक धरून मागे पळाला, अर्धा पुढे आला.

माझ्या तक्त्यात लाल अळ्यांसमोर लिहिलं होतं : 'पाणी प्रदूषित'. एका मुलाने ते मोठ्याने वाचलं आणि तडक पोलिसी सूर लावला, "कोण टाकतं इथे घाण?" पुढचा अर्धा तास कृतिपत्रिका बाजूला राहिल्या. दोन मोठी माणसं बरोबर घेऊन दोन गटांनी डोहापासून खळाळापर्यंतचे दोन्ही काठ पिंजून काढले. नळ नाही, गटार नाही, वाटसुद्धा नाही. एक पिशवीही सापडली नाही. आरोपी गायब.

डोहाचा ऑक्सिजन मोजला : ३. पाणी २४ अंश. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो हे खरं. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. पण तीन अंशांच्या फरकाने ८ चे ३ होत नाहीत. हे मी मुलांना फळ्यावरच्या आकड्यांसारखं सांगितलं आणि त्यांनी माना डोलावल्या, म्हणजे त्यांना काही कळलं नव्हतं.

तेवढ्यात ती चष्मेवाली ट्रेवर वाकून चिखलातून काहीतरी ब्रशने वेगळं करत होती. पान. काळं, लिबलिबीत, पण शिरा शाबूत. मग दुसरं, तिसरं. ट्रेमधला सगळा चिखल म्हणजे पानंच होती. तिने मान वर केली. "बाई, ही कालचीच पानं आहेत. त्याच झाडाची. मग काल पावसाचा वास येत होता आणि आज असा का?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. शेजारी उभ्या सरांनी शांतपणे माझ्या बुटावर बूट ठेवला आणि दाबला. मी म्हटलं, "काय माहीत. का असेल?" वीस वर्षं शिकवते आहे; 'काय माहीत' हे दोन शब्द उच्चारायला मला अजूनही बळ लागतं.

परत आलो तर उन्हातल्या नरसाळ्याखालच्या पेल्यात गर्दी. भिंगाखाली पांढुरके ठिपके आणि मधूनच त्यातला एखादा टुणकन गायब. हे स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेली, टोकाला दुभंगलेली शेपूट सोडून स्वतःला उडवतात. पण मुलांचं आज तिकडे मन नव्हतं. झोपताना कुजबुज चालली होती ती पानांची.

तिसरा दिवस

पहाटेपासून पाऊस. ओढा बंद. पावसात ओढ्याच्या पाण्यात मुलं उतरवायची नाहीत, वरच्या बाजूला किती पडलाय ते आपल्याला दिसत नसतं. यावर चर्चाही करायची नसते.

व्हरांड्यात बसून पानांचा खटला चालवला. पहिला तर्क : झाड वेगळं. पानं शेजारी ठेवून बाद. दुसरा : पाण्यात काहीतरी विष. पीएचच्या पट्ट्या वर आणि खाली दोन्हीकडे ७ च्या आसपास होत्या, म्हणजे पाणी ना आम्लधर्मी, ना अल्कधर्मी. शिवाय विष असतं तर लाल अळ्या कशा जगल्या? तिसरा तर्क मागच्या रांगेतून आला, जिथून सहसा काही येत नाही : "जंगलातल्या पानांना हवा लागते. पाण्यातल्यांना नाही." आणि लगेच दुसरा, "पण खळाळातली पानंही पाण्यातच होती ना? त्यांना वास नव्हता." तिसरी, "तिथे पाण्यात फेस होता. फेस म्हणजे हवा." मी नुसती फळ्यावर लिहीत होते.

मग मात्र मी माझा वाटा टाकला, कारण सूक्ष्मजीव काही भिंगातून दिसत नाहीत. पान कुजवणारेही श्वास घेतात. खळाळात दगडांवर आपटून पाण्यात हवा मिसळत राहते, तिथे त्यांचं भागतं. डोहात पानांचा ढीग मोठा, पाणी थांबलेलं. ते ऑक्सिजन संपवून टाकतात. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरे सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि त्यातल्या काहींच्या कामातून तो सडक्या अंड्यांचा वायू सुटतो, हायड्रोजन सल्फाइड. लाल अळ्या तिथे टिकतात, कारण त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. जो काही थोडा ऑक्सिजन आहे तो त्या धरून ठेवतात.

"म्हणजे घाण कुणीच टाकली नव्हती," पोलीस म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं. "झाडानेच टाकली होती."

मी सातवं पान काढून सगळ्यांसमोर 'प्रदूषित' खोडलं आणि तिथे 'ऑक्सिजन कमी – का ते शोधा' असं लिहिलं. तक्ता खोटा नव्हता. ओढ्यांची पाहणी करणारे खळाळाची तुलना खळाळाशी करतात आणि डोहाची डोहाशी. मी दोन्ही एकाच चौकटीत कोंबलं होतं, दोन रविवार खर्चून.

दुपारी पाऊस थांबला तेव्हा दगडफूल बघायला बाहेर पडलो. कालपर्यंत खोडांवर करडे, वाळके डाग होते, ते आज हिरवे झाले होते. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. ओलं झालं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शेवाळ दिसायला लागतं. त्याला मुळं नसतात, लागेल ते हवेतून आणि पावसातून घेतं, त्यामुळे हवेतलं विषही तसंच आत जातं. १८६६ साली नीलांदर नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत दगडफुलांच्या कितीतरी जाती नोंदवल्या, ज्या उरलेल्या शहरात दिसत नव्हत्या. त्यावरून बागेतली हवा चांगली असं त्याने म्हटलं. इथे एका मुलाने हात वर केला. "पण बाई, बागेत ओलावा जास्त असेल म्हणूनही असतील ना?" एका दिवसात ही सवय लागली होती. आता हीच मुलं शाळेत परत न्यायची म्हणजे माझी कसोटी होती.

झाडांची उंचीही मोजली. हात सरळ पुढे ताणून त्यात हाताएवढी काठी उभी धरून, झाड तिच्यात मावेपर्यंत मागे जायचं आणि तिथून झाडापर्यंतचं अंतर मोजायचं. एकाच झाडाची उत्तरं १४, १४, १५ आणि २३ मीटर. २३ वाले उतारावरून मागे गेले होते. बाकी सांगण्यासारखं काही नाही, चिखलात चौघं घसरले.

चौथा दिवस

निघायच्या आधी फक्त एक काम : डोहाचा ऑक्सिजन पुन्हा. मागणी मुलांचीच. रात्रीच्या पावसाने ओढा वाढला होता, म्हणून मुलं वर काठावर आणि सर एकटे, लांब काठीला बाटली बांधून. त्याआधी सगळ्यांनी आपापला अंदाज कागदावर लिहून घडी घातली. मी ५ लिहिलं.

थेंब मोजायला चोवीस तोंडं एका बाटलीवर. ६ निघाला. पाणी गढूळ, पण हलतं; वरचा फेस डोहापर्यंत येऊन पोचला होता. दोन मुलींनी बरोब्बर ६ लिहिलं होतं आणि त्या आनंदात त्यांना पुढचा तासभर काही सुचलं नाही. मग गाळणीने पुन्हा तळातला चिखल काढला. लाल अळ्या होत्याच, मेफ्लाय नव्हताच.

"आता ऑक्सिजन आलाय, मग मेफ्लाय का नाही आला?"

"तो काय, बसने येणार?" पोलीस.

या उत्तरावर मला काही जोडता आलं नाही. बाटलीतले थेंब आजची सकाळ सांगतात. चिखलात कोण राहतं ते गेले कित्येक आठवडे सांगतं. पोलिसाने ते चार शब्दांत सांगून टाकलं होतं.

सामान आवरताना दोन बरण्या नव्याने भरल्या, ही कल्पनाही मुलांची. दोन्हीत त्याच झाडाची मूठभर पानं. एकीत पाणी काठोकाठ भरून झाकण घट्ट, दुसरीत पानं नुसती ओली करून तोंडावर जाळीचं कापड. या शाळेत न्यायच्या, महिन्याने उघडायच्या. पाण्याची बरणी कोण उघडणार यावर आत्ताच चिठ्ठ्या टाकून झाल्या. ज्याचं नाव निघालं तो आनंदाने नाचला, मग वास आठवून थांबला.

शेवटी खिडकीतली मातीची बरणी. तीन दिवसांत पाणी निवळलं होतं. तळाशी जाड वाळू, तिच्यावर गाळ, सगळ्यात वर चिकणमातीचा नखाएवढा गुळगुळीत थर आणि पाण्यावर तरंगणारा काळा भुगा. मोजपट्टीने थर मोजले, वहीत उतरवले. मग नियमाप्रमाणे ती माती जिथून घेतली तिथे परत करायची होती. आम्ही पहिल्या दिवसाच्या खड्ड्याशी गेलो. चष्मेवालीने बरणी दोन्ही हातांत सांभाळून आणली, जराही न हलवता. खड्ड्याशी बसली, झाकण उघडलं आणि थांबली.

बसने हॉर्न दिला. "ओत गं," मागून कुणीतरी म्हणालं.

"अरे पण," ती म्हणाली, "आधी कुठला थर टाकायचा?"